व्हॅक्यूम काँग्रेस, प्रात्यक्षिकासह

बुद्धभूषण दांडगे विचारात पडला की उजव्या हाताची तर्जनी कानामागे नेतो. नवख्या माणसाला वाटतं, याला कमी ऐकू येत असावं. खरं उलटं आहे. अंबडच्या एका कॉलेजात तो भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, आणि तिथला हवा ओढणारा पंप कुठे गळतो ते तो नुसत्या कानाने सांगतो. प्राध्यापक वह्या उघडून बसतात, तोवर याने रबराची कडी बदललेली असते.

हसनाबादच्या शाळेत तो माझ्याकडे सातवीला होता. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. वर्गातल्या हुशारांत त्याची गणती नव्हती. पण पंधरा ऑगस्टला कोणती रांग कुठे उभी करायची, पाहुण्यांना पाणी कुणी द्यायचं, झेंड्याची दोरी कुणाच्या हाती, हे आम्ही गुरुजी त्यालाच विचारत असू. चौदा एप्रिलच्या जयंतीला वडील रामकिसन यांच्याबरोबर तो घरोघरच्या सतरंज्या गोळा करी आणि दुसऱ्या दिवशी ज्याची त्याला पोचवी. एकही सतरंजी कधी चुकीच्या घरी गेली नाही. त्याची आई चांगुणाबाई म्हणायच्या, "समद्या पोरांला नवरदेव व्हायचं असतं, ह्याला मांडव टाकायचा असतो."

आता तो सत्तावन्न वर्षांचा आहे. डोक्यावर केस कमी झाले आहेत, पण मांडव टाकायची हौस तेवढीच आहे. फक्त मांडव मोठा झाला. त्याची ही गोष्ट.

तो कॉलेजात लागला तेव्हा काकासाहेब नावाचे वयस्कर प्राध्यापक तिथे होते. निवृत्त होताना त्यांनी एक पत्र्याची पेटी मागे ठेवली. ऑफिसला पेटी हवी होती, उत्तरपत्रिका ठेवायला. आतला कागद रद्दीत जाणार होता. बुद्धभूषणने तो कागद घरी आणला. दोन जाड इंग्रजी ग्रंथ, काही कार्यक्रमपत्रिका आणि पत्रांची एक फाईल. व्हॅक्यूमच्या शास्त्राच्या, म्हणजे हवा काढून टाकलेल्या जागेच्या शास्त्राच्या, जागतिक परिषदांचे ते कागद होते. बल्बापासून मोबाईलमधल्या चिपपर्यंत किती तरी वस्तू अशा जागेशिवाय बनतच नाहीत, हे त्याला प्रयोगशाळेत राहून ठाऊक झालं होतं. ग्रंथातले शोधनिबंध मात्र त्याला कळले नाहीत. हे तो लपवत नाही.

त्याला कळली ती शेवटची पानं. स्वागत समितीत कोण, सभागृह कोणतं, स्टेशनापासून बस किती वाजता, पाहुणे उतरणार कुठे, जेवण कुठे.

"गुरुजी," तो मला त्या आठवड्यात घरी येऊन म्हणाला होता, "हे तर आपलंच काम हाय!"

तेव्हापासून पंचवीसहून अधिक वर्षं तो या परिषदा कशा भरवल्या गेल्या त्याचा इतिहास जमवतो आहे. पहिली परिषद १९५८ साली बेल्जियममधल्या नामूर गावी झाली. मग वॉशिंग्टन, स्टुटगार्ट, मँचेस्टर, बॉस्टन, क्योटो, व्हिएन्ना. ही नावं तो अशी घेतो, की जणू भोकरदन, राजूर, बदनापूर करत एसटीने निघाला आहे. दर तीन वर्षांनी परिषद भरते. पण १९६१ च्या वॉशिंग्टननंतर स्टुटगार्ट एकदम १९६५ ला, हे त्याला बरीच वर्षं टोचत होतं. "मधी एक साल जास्तीचं कसं काय गेलं? कुणाचा तरी हॉल मिळाला नसंल." शास्त्रज्ञांच्या देशोदेशीच्या मंडळांनी १९६२ साली मिळून एक संघ स्थापन केला, हे कळल्यावर त्याचा जीव थोडा खाली पडला. "आधी समिती बांधून राह्यले होते. बराबर हाय. समिती न्हाई तर मांडव कसला?"

त्याचं एक आवडतं वाक्य आहे. "पोकळी करायची म्हंजे आतलं समदं बाहेर काढायचं. अन् परिषद भरवायची म्हंजे बाहेरचे समदे आत घ्यायचे."

त्याची मुलगी साक्षी जालन्याला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. ती लगेच म्हणते, "पप्पा, सकाळपासून तिसऱ्यांदा झालं हे."

साक्षीच्या इंग्रजीच्या आधाराने तो परदेशी पत्रं पाठवू लागला. बहुतेकांची उत्तरं आली नाहीत. सहा वर्षांपूर्वी नामूरहून एका निवृत्त बाईंचं आलं. त्यांचं नाव मार्टीन. तो त्यांना मार्टीनबाई म्हणतो, आणि आता आम्हीही. त्या स्वतःच्या हौसेने या परिषदांच्या इतिहासाचं एक फिरतं प्रदर्शन जुळवत होत्या. गेल्या पावसाळ्यात त्यांनी लिहिलं: जिथे परिषद कधीही भरली नाही अशा एका गावाचा फलक मला हवा आहे, आणि तो तुम्ही करावा. अट एकच. आधी तो तुमच्या माणसांना दाखवा, शास्त्रज्ञांना नाही. निदान पन्नास माणसं तो बघताना आणि त्याबद्दल विचारताना मला व्हिडिओवर दिसू द्या. फलक बघणाऱ्याला प्रश्न पडत नसेल तर तो फलक नाही, भिंत आहे.

दुसऱ्याही एका गावाला त्यांनी विचारलं होतं. निवड नोव्हेंबरात व्हायची होती.

बुद्धभूषणने पांढऱ्या कार्डशीटवर फलक केला. स्वतःच्या अक्षरात, मराठीत, खाली साक्षीचं इंग्रजी. गाव आणि साल डावीकडे; पुढे तीन रकाने: कुणी बोलावलं, कुठे उतरवलं, काय खाऊ घातलं. तिसरा रकाना जवळजवळ मोकळा होता. नामूरपुढे 'कॉफी' एवढा एकच शब्द, तोही मार्टीनबाईंच्या एका पत्रातून घेतलेला. ज्याची खात्री नाही ते लिहायचं नाही, हा त्याचा नियम.

फलक झाला, पन्नास माणसं कुठून आणायची? दिवाळीच्या सुट्टीने कॉलेज ओस पडलं होतं. रविवार दुपारी एकची वेळ ठरली, नामूरला तेव्हा सकाळचे साडेआठ. साक्षीने पत्रक केलं: 'निर्वात विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परिषदांचा इतिहास.' भाषा शुद्ध होती, मला आवडली. बाजारात तिघांनी ते वाचून बुद्धभूषणला विचारलं, गुडघ्याच्या वातावर औषध फुकट आहे का, आणि चौथ्याने आईला आणू का म्हणून विचारलं.

तो हिरमुसून माझ्याकडे आला. "गुरुजी, निर्वात शब्द बिलकुल चालंना. वात जातो म्हणून लोक येऊन राह्यलेत. सोपं करतो."

त्याने स्वतः सोपं केलं. नवं पत्रक मोबाईलवरून गावोगाव गेलं: 'व्हॅक्यूम काँग्रेस. प्रात्यक्षिकासह. सर्वांना आग्रहाचे निमंत्रण.' परिषदेचं इंग्रजी नाव तेच होतं, त्यामुळे त्यात खोटं काही नव्हतं. मीही वाचलं आणि छान आहे म्हणालो. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला माणूस मी, पण चूक माझ्याही ध्यानात आली नाही.

रविवारी साडेबाराला कॉलेजच्या हॉलमध्ये नऊ माणसं होती, मला आणि बुद्धभूषणच्या बायकोला, उषाबाईंना, धरून. माणसं मोजायचं काम माझ्याकडे होतं. टेबलावर पंप, शेजारी परमेश्वर वेल्डरने करून दिलेली दोन लोखंडी अर्धगोल भांडी, दीड वीत रुंद, प्रत्येकाला मागे कडी, एकाला बाजूने तोटी. बुद्धभूषण खुर्च्यांच्या रांगा सरळ करत होता. त्या आधीच सरळ होत्या.

पावणेएकला फाटकात टेम्पो थांबला. मग दुसरा. मागे मोटारसायकली. बाया, बाप्ये, म्हातारे, पदर डोक्यावर, रुमाल गळ्यात, भराभर आत येऊ लागले. साठ, सत्तर, नव्वद! माझं बोट हवेत नाचू लागलं. उषाबाईंनी पाण्याची आणखी दोन पिंपं आणवली. साक्षी आनंदाने ओरडलीच, "पप्पा! शंभरावर गेले!"

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, की जवळजवळ प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आहे आणि पिशवीत एक हिरवं झाड आहे, बारीक पांढऱ्या फुलांचं, मुळासकट उपटलेलं.

पुढे उंच, पांढऱ्या मिशांचे आबाराव होते. घराणं मेंढरांमागे हिंडणाऱ्यांचं, आता शेती करतात. "मशीन कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कंचं मशीन, मामा?"

"तुमीच लिवलंय की. व्हॅक्यूम काँग्रेस, प्रात्यक्षिकासह. मुळासकट ओढून घेतं म्हणं. माझ्या बांधाला कमरेइतकं आलंय, हा नमुना आणलाय बघा."

आमच्याकडे त्या तणाला, गाजरगवताला, सगळे काँग्रेसच म्हणतात. खुरपून जात नाही, हाताला लागलं तर खाज सुटते, जनावर तोंड लावत नाही. व्हॅक्यूम म्हणजे ओढून घेणारं, हे झाडलोटीच्या मशीनमुळे सगळ्यांना ठाऊक. दोन्ही शब्द शेजारी ठेवले आणि जो अर्थ निघायचा तोच निघाला.

"कुणी म्हणत होतं पक्षाची सभा असंल," आबारावांच्या मागून एक जण म्हणाला. "पण आबाराव म्हणले, सभेत हवा भरत्यात, काढीत न्हाईत."

लोक हसले. बुद्धभूषण हसला नाही. त्याची तर्जनी कानामागे गेली.

साक्षी त्याच्या अगदी जवळ जाऊन पुटपुटली, "पप्पा, दहा मिनिटांत बाई येतील. आधी त्यांना एवढी माणसं दिसू द्या. मंग सांगू."

"न्हाई," तो म्हणाला. "चुकीच्या पत्त्यावर आलेलं पाकीट आपण फोडत न्हाई, बाळा."

त्याने माईक घेतला आणि सरळ सांगून टाकलं. मशीन नाही. तण जाणार नाही. चूक माझ्या लिहिण्याची आहे. ही जगभरच्या शास्त्रज्ञांच्या मेळ्यांची गोष्ट आहे. ऐकायची असेल त्याने थांबावं, जाईल त्याच्यावर राग नाही. पाणी पिऊन जा.

मग खुर्च्या सरकल्या.

"कापूस वेचायचा टाकून आलो आमी!" आबाराव कडाडले. "चला रे, भरा टेम्पो!"

लोक उठले. माझं बोट आता उलटं मोजू लागलं. ऐंशी. साठ. पंचेचाळीस. आणि नेमका तेव्हाच भिंतीवरचा पडदा उजळला. पांढऱ्या केसांच्या मार्टीनबाई कप हातात घेऊन दिसल्या. त्यांना काय दिसलं असेल? दाराकडे निघालेल्या पाठी आणि प्रत्येक पाठीमागे हलणारी एक पिशवी. साक्षीने "गुड मॉर्निंग" म्हटलं. एकतीस.

पहिल्या रांगेत आबारावांच्या पत्नी साखराबाई बसल्या होत्या. चपला काढलेल्या, पाय खुर्चीवर घेतलेले.

"उठ की," आबाराव दारातून म्हणाले.

"म्या न्हाई उठायची. खुर्चीला पाठ टेकून कवा बसले होते, ते ध्यानात बी न्हाई."

"अगं, मशीन न्हाई तिथं!"

"न्हाई तर न्हाई. मशीन असतं तर चालवायला मलाच लावलं असतं. आले तर बघून जाते."

टेम्पो आबारावांचा. बाईसाहेब उठल्याशिवाय तो हलणार नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. दारात गर्दी तुंबली. आणि माझ्या विद्यार्थ्याने तो क्षण अचूक पकडला. दोन्ही भांडी एकमेकांवर ठेवून, तोटीला नळी लावून त्याने पंप सुरू केला. मान वाकवून तो पंपाचा आवाज ऐकत राहिला. आवाज घोगऱ्याचा बारीक झाला, तशी त्याने तोटी फिरवून बंद केली आणि नळी काढली.

"मामा, जाताय तर एवढं काम करून जा," तो अगदी साधेपणाने म्हणाला. "ही दोन भांडी चिकटलीत. जरा सोडवून द्या."

आबारावांनी एका हाताने ओढून पाहिलं. मग दोन्ही हातांनी. मिशा थरथरल्या. "आत काय घातलंय? डिंक?"

"कायबी न्हाई."

"कायबी न्हाई तर धरून कोण राह्यलंय?"

"बाहेरची हवा. तुमच्या-माझ्या अंगावर हाय तीच. आतली काढून टाकली, म्हणून बाहेरची दाबून बसली. सहाशे किलोचा जोर हाय."

"हवेला जोर?" आबारावांनी धोतर खोचलं. "दोरखंड आणा रे!"

टेम्पोतला दोर आला. दोन्ही कड्यांत ओवला. एका बाजूला आबाराव आणि सात जण, दुसऱ्या बाजूला जांब समर्थ गावाकडून आलेले आठ. टेम्पोत चढलेले खाली उतरले, मोटारसायकलवाले खिडक्यांत लोंबकळू लागले. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, मग पदर सोडून ओरडू लागल्या. "ओढा! जल्दी! खाल्लेलं कुठं गेलं?" सोळा माणसं लालबुंद झाली. टाचा फरशीवरून सरकल्या. भांडी मधोमध हवेत ताणलेली, तसूभरही हलली नाहीत. पडद्यावर मार्टीनबाई उभ्या राहिल्या होत्या आणि दोन्ही मुठी आवळून त्यांच्या भाषेत काही तरी ओरडत होत्या. कुणाच्या बाजूने ते समजलं नाही.

"दोर ढिला सोडू नका," बुद्धभूषण म्हणाला. "साखरामामी, तुमी या. ही तोटी दोन बोटांनी फिरवा."

साखराबाई पायात चपला न घालताच गेल्या. दोन बोटं लावली. फुस्स! भांडी सुटली आणि आबारावांसह आठही जण फरशीवर एकमेकांच्या मांडीत बसले. समोरचे आठ भिंतीला टेकले. जो हशा झाला, त्यात मी माणसं मोजणं सोडून दिलं.

"जन्मभर हेच सांगून राह्यले," साखराबाई नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "जोर लावू नका, तोटी बघा."

आता कुणी दाराकडे बघेना. लोक फलकाभोवती जमले. साखराबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी बुद्धभूषणला मोठ्याने वाचायला लावलं. नामूर, वॉशिंग्टन, स्टुटगार्ट... तो वाचू लागला आणि त्याचा आवाज चढत गेला. कोणत्या देशाने बोलावलं, किती लांबून माणसं आली. साक्षी धावत्या इंग्रजीत मार्टीनबाईंना सांगत होती.

"हा शेवटचा रकाना मोकळा का?" आबारावांनी विचारलं.

"काय खाऊ घातलं ते म्हाईत न्हाई, मामा. कुणी लिहून ठेवलं न्हाई."

"मंग काय लिवलं? शंभर देशांची माणसं उपाशी बसली का?"

आणि मग प्रश्न थांबेनात. मटण न खाणाऱ्याचं काय केलं? भाषा कळत नाही तर पाहुणा पाणी कसं मागायचा? बोलायला उभा राहिलेला माणूस थांबेचना, तर त्याला खाली कोण बसवायचं? मार्टीनबाई भराभर लिहून घेत होत्या. या शेवटच्या प्रश्नाला त्या खो खो हसल्या आणि म्हणाल्या, याचं उत्तर साठ वर्षांत कुणालाच सापडलेलं नाही.

साखराबाई पडद्याकडे तोंड करून म्हणाल्या, "बाई, ज्या बायका तिथं राबल्या, त्यांनी लेकरं कुणापाशी ठेवली?"

साक्षीने सांगितलं. मार्टीनबाईंनी पेन खाली ठेवलं. मग हळूहळू म्हणाल्या, की १९५८ साली त्यांची आई त्या परिषदेत कॉफी देत होती. आठ वर्षांच्या मुलीला घरी बघायला कुणी नव्हतं. म्हणून ती मुलगी दिवसभर कॉफीच्या टेबलाखाली, पांढऱ्या कापडाच्या आड, बसून होती. तिला शास्त्रज्ञांचे फक्त बूट दिसले. "ती मी. हे मला आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही."

साक्षीने ते मराठीत सांगितलं. साखराबाईंनी मान डोलावली. "माझी बी तशीच वाढली. बांधावर, झाडाच्या सावलीला."

बुद्धभूषणने पट्टी घेतली. फलकाच्या उजव्या कडेला जागा थोडीच होती. तिथे त्याने चौथा रकाना आखला. वर लिहिलं: 'लेकरं कुठे ठेवली'. आणि नामूरच्या ओळीत, मार्टीनबाईंना पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेत, लिहिलं: 'टेबलाखाली'.

"मिस्टर दांडगे," मार्टीनबाई म्हणाल्या, "मी दुसऱ्या गावाला आजच नाही म्हणून कळवते. हाच फलक जाईल. यातलं एक अक्षरही बदलू नका."

साक्षीने ते मराठीत सांगितलं आणि टाळ्यांनी हॉल दणाणला. आबारावांनी बुद्धभूषणला उचलायचा प्रयत्न केला. मघाच्या ओढाओढीने कंबर धरली होती म्हणून नुसतंच छातीशी लावलं. माझा विद्यार्थी हातात पट्टी घेऊन उभा होता, आणि पट्टी कुठे ठेवावी ते त्याला कळत नव्हतं.

"ते समदं ठीक," आबाराव सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले. "यादीत आपला देश कुठंय?"

"एकदाबी न्हाई, मामा."

"का न्हाई? आपल्याकडं हॉल न्हाईत? जांबला समर्थांच्या गावी इतकी माणसं येत्यात, त्यांची सोय होती का न्हाई?"

"आमच्याकडं शंभर जण उतरवू," जांबकडचा एक जण म्हणाला. "पण आंघोळीला गरम पाणी पायजे त्यांना."

"चुली पेटवू की! दिवाळीनंतर भरवा. उन्हाळ्यात गोरे माणसं टिकायची न्हाईत."

"अन् बोलणारा थांबला न्हाई तर आबारावांना उभं करू शेजारी."

एकाच वेळी वीस जण बोलत होते. कुणी टेम्पो देत होतं, कुणी पाण्याचा टँकर. साक्षी एका बाजूला मार्टीनबाईंना हे सगळं सांगत होती आणि त्या तिकडे पुन्हा पेन उचलून लिहीत होत्या. बुद्धभूषणने वहीचं कोरं पान काढलं. 'स्वागत समिती' लिहिलं, खाली रेघ ओढली. मग 'उतरण्याची सोय', खाली रेघ. एखादी जागतिक परिषद कागदावर अशीच सुरू होत असणार. नामूरलाही कुणी तरी पहिली रेघ ओढलीच असेल.

"माझं नाव बी घे," साखराबाई म्हणाल्या. "भाकरीच्या समितीत."

त्याने लिहिलं आणि पेन थांबवून विचारलं, "अध्यक्ष म्हणून टाकू का, मामी?"

"टाक. पण खुर्ची पाठ टेकायची पायजे."